रानमोडी दिवाळीआधी उपटा. नंतरची साफसफाई म्हणजे पेरणी

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गणपती आले की रस्त्याकडेची झाडी तोडायची आणि शिमगा जवळ आला की बागा, पाखाड्या (दगडी पायवाटा), वहाळांचे (ओढ्यांचे) काठ पुन्हा साफ करायचे, हा कोकणातला नेहमीचा क्रम. दोन्ही वेळेला मजुरी जाते, ग्रास कटरला पेट्रोल जाते, ग्रामपंचायतीच्या खात्यातून बिले निघतात. पुढच्या पावसाळ्यात रानमोडी आधीपेक्षा दाट उभी असते. यात नशिबाचा काही भाग नाही. पहिली सफाई वरवरची असते आणि दुसरी चुकीच्या महिन्यात होते. दक्षिण कोकणातल्या वरकस जमिनी, काजूच्या बागा आणि सड्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारांच्या, कडा या एका झुडपाखाली जात आहेत, आणि त्यावर होणारा बहुतेक खर्च वेळ चुकल्यामुळे पाण्यात जातो. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी तपशिलात लिहीत आहोत.

आधी ओळख, कारण तिथेच चूक होते. रानमोडी म्हणजे क्रोमोलेना ओडोराटा. मूळची अमेरिका खंडातली, सूर्यफुलाच्या कुळातली. एकोणिसाव्या शतकात शोभेचे झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून सुटली. पाने समोरासमोर, त्रिकोणी, कडा दातेरी. देठापासून तीन ठळक शिरा त्रिशुळासारख्या फुटतात आणि पान चुरडले की रॉकेलसारखा उग्र वास येतो. या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच ती रानमोडी. नुसत्या वासावर जाणारे मजूर भामुर्डीसुद्धा उपटतात. ती आपली, एका हंगामाची आणि निरुपद्रवी. ओसाडीचे रोप लहानपणी फसवते, पण त्याचे पान गोलसर आणि केसाळ असते. जूनमध्ये चार पानांवर असलेले रोप ओळखता आले तर निम्मे काम तिथेच संपते, त्यामुळे बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ते एकदा हातात देऊन दाखवावे.

आता तिचे वेळापत्रक. पहिल्या पावसाबरोबर जुन्या खोडांना कोंब येतात आणि बी रुजते. चार महिने ती फक्त वाढते. उघड्यावर माणसाच्या उंचीच्या वर, झाडाचा आधार मिळाला तर त्यावर चढून आणखी उंच. दिवस लहान झाले की नोव्हेंबरात कळ्या दिसू लागतात, डिसेंबर-जानेवारीत पांढरी-फिकट जांभळी फुले येतात आणि जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत बी उडते. एका वाढलेल्या झुडपावर हजारांनी बिया असतात. प्रत्येकीला केसांचा झुपका असतो, शिवाय कडांना बारीक काटे असल्यामुळे ती कपड्यांना आणि जनावरांच्या अंगाला चिकटते. परागण न होताही बी धरते, म्हणजे चुकून राहिलेले एकच झाड पुढच्या वर्षाला पुरते. बऱ्याचशा बिया पहिल्याच पावसात रुजतात, काही मात्र मातीत काही वर्षे जिवंत राहतात. एकदाच मोठी मोहीम काढून फोटो छापण्याने काही साधत नाही, ते यामुळे.

ग्रास कटर का फसतो हेही यातच आहे. रानमोडीची मुळे तंतुमय आणि उथळ, साधारण वीतभर ते फूटभर खोल. जीव मात्र मुळांच्या डोक्याशी असलेल्या गाठीत, जमिनीलगत. कटरची तार किंवा पाते जमिनीपासून चार बोटे वर चालते, दगड असतील तिथे आणखी वर. गाठ शाबूत राहते आणि एका खोडाच्या जागी पाच-सहा फुटवे येतात. ऑगस्टमध्ये गणपतीसाठी कापलेली रानमोडी डिसेंबरात कमरेइतकी होऊन फुलते, तीही पूर्वीपेक्षा जास्त फांद्यांनी. मग जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी फेरी येते. तोवर बी पिकलेले असते आणि कटरच्या वाऱ्याने, मजुरांच्या कपड्यांतून, ट्रॉलीत भरलेल्या काडीकचऱ्यातून ते साफ जागेत पसरते. वेगळे बियाणे कशाला आणायचे?

वणव्याचा संबंध तर थेट आहे. बी उडाल्यावर खोडे वाळतात. त्यांत तेल असते, शिवाय वाळलेला पाला फांद्यांवरच लटकतो, त्यामुळे आग गवतातून सरळ काजूच्या खालच्या फांद्यांवर चढते. नुसत्या गवताची आग झपाट्याने पुढे जाते आणि मोठे कलम कधी कधी वाचते. रानमोडीची आग एका जागी जास्त वेळ जळते आणि बुंध्याची साल भाजते. वरच्या थरातले बी जळते हे खरे, पण गाठ मातीखाली वाचते, करवंद, तोरण, ऐन-किंजळीची रोपे मरतात आणि राखेच्या खतावर सर्वांत आधी कोण उगवते हे जूनमध्ये कुणीही जाऊन पाहावे. बांधावरची रानमोडी ‘एकदाची जाळून टाकू’ म्हणणाऱ्याने शेजारची झाडे हटवून तिलाच जागा मोकळी करून दिलेली असते.

तर मग काढायची कधी? कळी येण्याआधी आणि माती ओली असताना. कागदावर सोपे, प्रत्यक्षात कोकणच्या कामांच्या वेळापत्रकात सर्वांत अवघड. जुलैअखेर लावणी उरकते, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपतीची धांदल, ऑक्टोबरात भातकापणी. माणूस मिळतच नाही. म्हणून सगळे काम आंब्याच्या मोहोराच्या सुमाराला ढकलले जाते, कारण तेव्हा बेणणीला (बागेतले तण काढायला) माणसे लागलेलीच असतात. पण नोव्हेंबर उजाडेपर्यंत जांभी माती इतकी घट्ट होते की झाड मुळासकट निघत नाही, गाठीच्या वर तुटते. उरतात दोनच खिडक्या: लावणी संपल्यापासून गणपतीपर्यंतचे दिवस आणि विसर्जनापासून भातकापणीपर्यंतचे दिवस. यातली दुसरी अधिक चांगली. पाऊस ओसरत असतो, माती अजून मऊ असते, फुटवे स्पष्ट दिसतात आणि उपटलेले झाड ऊन मिळून लवकर मरते. जेवढी माणसे मिळतील तेवढी या पंधरवड्यात वापरावीत आणि मोहोराच्या वेळी फक्त आळी व वाटा साफ कराव्यात. मजुरीचे एकूण दिवस वाढत नाहीत, फक्त वेळ बदलते.

सगळी बाग एका वर्षात होणार नसेल (होत नाहीच), तर क्रम ठरवावा. उघड्या टेकाडावरची, सड्याच्या कडेची आणि वाटेलगतची झाडे आधी, कारण तिथून बी सर्वांत दूर जाते. घळीतली आणि मोठ्या झाडांच्या सावलीतली शेवटी. सावलीत तिला फुले कमी येतात. चांगल्या भागातून खराब भागाकडे जावे. माणसांचा उलटा आग्रह असतो, जिथे जास्त दाट तिथे आधी हात घालायचा. दाट जागेतच हंगाम संपतो आणि बागेच्या स्वच्छ कोपऱ्यात सुटी उभी असलेली झाडे बी टाकून मोकळी होतात.

उपटण्याची रीत अशी. कोवळे, अंगठ्याहून बारीक खोडाचे झाड बुडाशी सगळी खोडे एकत्र धरून आधी एका बाजूला वाकवावे आणि मग सावकाश ओढावे. हिसका दिला की तुटते. तुटलेच तर कुदळीने गाठीभोवती चार-पाच इंच खोल खणून ती काढावी. गाठ हातात आली नाही तर झाड निघाले असे धरू नये. जुन्या, झाडोरा झालेल्या बेटांना एकदम भिडू नये. आधी कोयत्याने गुडघ्याइतकी उंच खोडे ठेवून वरचे कापावे. ही खोडे मुठीसारखी उपयोगी पडतात. मग पहारीने किंवा टिकावाने एका बाजूने उचलून बेट पालथे करावे. हातमोजे घालावेत, कारण या काटक्यांत घोणस बसलेली असते. मजुरांना गमबूट द्या असे सांगितले की बागायतदार हसतात, पण त्यांची किंमत एका दिवसाच्या दवाखान्याहून कमी आहे.

दोन जागी सरसकट उपटायचे नाही. एक, तीव्र उतार. जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात उतारावरची झुडपे मुळासकट काढली तर माती खालच्या भातखाचरात येते. तिथे ऑगस्टात जमिनीलगत कापावे, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कळी धरण्याआधी फुटवे पुन्हा कापावेत, आणि पुढच्या सप्टेंबरात समतल पट्ट्यांत, एक पट्टा सोडून एक, उपटावे. दोन कापण्या नेमक्या वेळी झाल्या तर त्या वर्षी बी धरत नाही, हा कापण्याचा एकमेव फायदा. दुसरी जागा म्हणजे गडगा, हद्दीचा दगडी बांध. चिऱ्यांच्या सांध्यांत मुळे शिरलेली असतात, ओढले की गडगा ढासळतो. तिथे गाठ कोयत्याच्या टोकाने ठेचून तासावी आणि दर पावसाळ्यात दोनदा हेच करावे. कंटाळवाणे आहे, पण गडगा बांधणारे कारागीर आता सहज कुठे मिळतात?

उपटलेले झाड ओल्या जमिनीवर टाकले तर पावसात ते पुन्हा मूळ धरते. मुळांची माती झटकून, मुळे वर करून कातळावर, गडग्यावर किंवा काजूच्या बेचक्यांत टांगावे. चार कोरडे दिवस पुरतात. फूल न आलेला पाला आच्छादनाला उत्तम आहे. काजू-आंब्याच्या आळ्यात वीतभर थर द्यावा, बुंध्यापासून मात्र फूटभर दूर, नाहीतर वाळवी लागते. कंपोस्ट करायचे तर पाल्याच्या प्रत्येक वीतभर थरावर शेणकाला शिंपडावा, ढीग छातीइतका उंच करावा आणि तीन आठवड्यांनी उलथावा. ढीग आतून हात ठेववणार नाही इतका तापला पाहिजे. लहान ढीग तापत नाहीत आणि त्यातला खोडाचा तुकडा फुटतो. बी धरलेली रानमोडी मात्र आच्छादनाला किंवा खताला, कशालाच घेऊ नये.

वेळ हुकलीच तर काय? डिसेंबरात फुले पांढरी-जांभळी आणि ताजी असतील तोवर कापता येते. शेंडे कापून थेट गोणीत भरावेत, कारण कापलेल्या फांदीवरही बी पिकून तयार होते. फुले तपकिरी होऊन कापूस सुटू लागला की हात लावू नये. तिला उभी राहू द्यावी, बाग आणि ती यांच्यामध्ये दहा-पंधरा फुटांची जाळरेषा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) गवतासकट स्वच्छ करावी आणि जूनमध्ये रोपे काढण्याची तयारी ठेवावी. फेब्रुवारीत काहीतरी केल्याचे समाधान सर्वांत महाग पडते.

दुसऱ्या वर्षाच्या जूनअखेर ते जुलै या काळात साफ केलेल्या जागेत रानमोडीची रोपे हिरवळीसारखी उगवतात. हे पाहून अनेकांचा धीर सुटतो, पण रोपे दोन बोटांनी निघतात, एवढ्याचसाठी पहिल्या वर्षीचा खटाटोप होता. मोकळी जमीन मोकळी ठेवू नये. उजेडाशिवाय तिचे बी रुजत नाही, म्हणून जमिनीवर काहीतरी पसरलेले असणे हाच खरा उपाय आहे: ओळींमध्ये चवळी, पाऊस ओसरताना कुळीथ, नाहीतर आपणहून उगवलेला टाकळा आणि कुर्डूसुद्धा चालेल. दोन्ही भाजीला येतात आणि हंगाम संपला की मरतात. सात बाय सात मीटरवर लावलेल्या काजूची छत्री मिळाली की खाली रानमोडी आपोआप विरळ होते. आंबा दहा बाय दहा मीटरवर असतो आणि वर्षानुवर्षे मधली जागा उघडी राहते. म्हणून हापूसच्या बागेत तिचा जोर जास्त. मेलेल्या कलमांच्या रिकाम्या जागा वेळेवर सांधणे हे तणनियंत्रणच आहे.

शेजारच्या सर्व्हे नंबरचे काय, हा खरा कोकणी प्रश्न. सातबाऱ्यावर वीस नावे, त्यातली अठरा मुंबई-ठाण्यात, गुरे कमी झाल्यामुळे गवत कापायला कुणी येत नाही, आणि १९९० मध्ये सुरू झालेल्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेत लावलेला काजू रानमोडीत बुडालेला. रानमोडीमुळे जमीन पडीक झाली असे म्हणतात. बहुतेक ठिकाणी घडले ते उलट. उपाय अर्धा आहे, पण आहे. केसांच्या झुपक्याने बी उडते म्हणून ते मैलोगणती जाते असे नाही. बरेचसे बी आईझाडाच्या आसपासच पडते. हद्दीपलीकडची पंधरा-वीस मीटरची पट्टी शेजाऱ्याच्या फोनवरच्या होकाराने दरवर्षी सप्टेंबरात काढली तर आपल्याकडे येणारे बी पुष्कळ घटते आणि तीच पट्टी जाळरेषेचे काम करते. होकार व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावा. कोकणात झाडापेक्षा हद्दीचे भांडण जास्त वर्षे टिकते.

तणनाशकाबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण कृषी सेवा केंद्रात पहिला सल्ला तोच मिळतो. ग्लायफोसेटची लेबलवरची शिफारस चहाचे मळे आणि बिनपिकाची जमीन यांपुरती आहे, आंबा-काजूच्या बागेसाठी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचनाही काढली. कायदा बाजूला ठेवला तरी कोकणात ते फसण्याची कारणे साधी आहेत. वहाळाचे गढूळ पाणी वापरले की औषध मातीच्या कणांना चिकटून निकामी होते. फवारल्यावर चार-सहा तासांत सर आली की धुऊन जाते, आणि उघडीप मिळते तेव्हा झुडूप इतके उंच असते की आतली पाने कोरडीच राहतात. वरचे करपते, गाठ जगते. २,४-डी हे दुसरे तणनाशक वाऱ्याने शेजारच्या कलमांवर गेले तर ऑक्टोबरातली कोवळी पालवी आखडते. आणखी एक नेहमीचा घोटाळा: तणनाशकाचा पंप नुसता विसळून तोच मोहोरावर फवारणीला घेतात आणि मोहोर करपला की कीटकनाशकाला दोष देतात. जांभ्यातून पाणी चाळणीतून जावे तसे झिरपते; सड्यावर मारलेले औषध पायथ्याच्या विहिरीला आणि झऱ्याला लागून आहे हे विसरू नये. मीठ आणि साबणाच्या पाण्याचे जे नुस्खे मोबाइलवर फिरतात, त्यांनी पाने जळतात, गाठ मरत नाही आणि आळ्यातली माती खारावते.

जैविक उपाय आहे, पण तो अर्ध्यावर पडलेला आहे. सेसिडोकेरिस कनेक्सा नावाची छोटी माशी रानमोडीच्या शेंड्यात अंडी घालते. अळीमुळे शेंड्याला गाठ धरते, झाडाचे अन्न त्या गाठीकडे वळते, वाढ खुंटते आणि फुले घटतात. ही माशी इंडोनेशियातून आणून २००५ मध्ये बेंगळुरूजवळ सोडण्यात आली. त्याआधी पाने खाणाऱ्या एका पतंगाचा प्रयोग झाला होता, तो फारसा पसरला नाही. माशीने झाड मरत नाही, बी कमी होते. म्हणून जिथे माणूस पोचणार नाही अशा दऱ्या, खासगी पडीक जंगल आणि रेल्वेच्या उतारांसाठी ती योग्य. एक अट आहे: माशी सोडलेल्या पट्ट्यात कापणी करायची नाही, नाहीतर गाठींबरोबर अळ्याही जातात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोबरोबर कोकणच्या पावसात तिची तपशीलवार चाचणी घ्यावी आणि निकाल मराठीत छापावेत.

रानमोडीची बाजू घेणारेही आहेत. कोयता लागला तर पाला चोळून लावतात, रक्त थांबते, हे खरेच. डिसेंबरात तिच्या फुलांवर ब्लू टायगर फुलपाखरांची गर्दी होते, तीही खरी, आणि छायाचित्रकारांना ती हवीच असते. पण गुरे तिला तोंड लावत नाहीत, कोवळ्या पानांतले नायट्रेट त्यांना बाधते, आणि तिच्या जाळीत रानडुकरांना दिवसभर निवारा मिळतो. करवंदाची जाळी एकदा तिच्याखाली गेली की मे महिन्यात करवंदे विकणाऱ्या बायांच्या टोपलीतून ती कमी होतात. त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

बाकीच्या तणांना हीच रीत लागू पडत नाही, एवढे सांगण्यापुरते. घाणेरी नुसती उपटायला जाऊ नये. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने रूढ केलेली पद्धत सोपी आहे: कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचे आणि झुडूप उलटे करून वाळवायचे. पुढची दोन वर्षे पक्षी बसतात त्या झाडांखाली रोपे शोधायची, कारण तिचे बी वाऱ्याने नाही, बुलबुलांच्या पोटातून येते. ऑस्ट्रेलियन बाभूळ सामाजिक वनीकरणातून सड्यांवर आली. तिच्या टणक बिया आग लागून गेली की जोमाने रुजतात, म्हणून ती तोडल्यावर काड्या तिथेच पेटवू नयेत. उत्तर कोकणात उल्हास नदीवरची जलपर्णी हा सांडपाण्याचा प्रश्न आहे. नायट्रोजन-फॉस्फरस येत राहिले तर यंत्राने काढलेली जागा काही आठवड्यांत भरते, आणि काढून काठावर रचलेला ढीग पहिल्या पुरात परत नदीत जातो. खाडीच्या खाऱ्या पाण्यात ती मरते, यावर कुणी विसंबू नये. सडताना ती पाण्यातला ऑक्सिजन संपवते. आणि रिसॉर्टच्या कुंपणांना शोभेसाठी लावतात ती पिवळ्या फुलांची वेडेलिया आजच थांबवावी. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते. बागेतला कापलेला वेल गटारात टाकला की तो वहाळाच्या काठी बस्तान बसवतो.

रानमोडी नव्या जागी पोचते ती बरेचदा मातीबरोबर. कातळावर सुरुंगाने खड्डे पाडून बाहेरची माती भरून आंबा लावतात. उघड्या कातळावर जी उगवू शकली नसती ती त्या भरावातून उगवते आणि तिथून फटींत शिरते. पावसाळ्यात काही आठवडेच फुलणाऱ्या सड्यावरच्या छोट्या वनस्पतींना ही सावली सोसत नाही. कातळशिल्पांभोवतीची झाडी काढतानाही कुदळ न वापरता हाताने उपटावे, नाहीतर रेषेवर ओरखडा उठतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात उकरलेली आणि टाकलेली माती, नव्या शेतरस्त्यांचे कट, चिरेखाणींचे ढीग, हीच तिची पायवाट आहे. भरावाची माती घेताना ती कुठून आली हे विचारावे, आणि घेतलीच तर पहिले दोन जून-जुलै त्या जागेवर नजर ठेवावी.

आता मागण्या. रस्त्याकडेच्या सफाईच्या निविदेत रानमोडी असलेल्या लांबीसाठी स्वतंत्र बाब हवी: सप्टेंबरात मुळासकट काढणे आणि ऑक्टोबरअखेर फेरतपासणी. १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात तिथे यंत्राने कापणी करण्यास मनाई हवी. वळणावर दृष्टीआड येणाऱ्या फांद्या हाताने कापून गोणीत भराव्यात. पैसे एकरकमी देऊ नयेत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान ५०, ३० आणि २० टक्के असे तीन वर्षांत मिळते, तेही झाडे जगली तर. इथे अट उलटी लावा: पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या जुलैत रोपे काढल्यावर ३०, तिसऱ्या ऑक्टोबरात जागा स्वच्छ सापडली तर २०. रोजगार हमीच्या कामांतही तीन वर्षांचे काम एक काम म्हणून मंजूर व्हावे. आज पहिल्या वर्षाच्या हजेरीपटाबरोबर फाइल बंद होते. जेसीबी आणि डंपर एका गावातून दुसऱ्या गावात नेण्याआधी बकेट, साखळ्या आणि टायर धुऊन घेण्याची अट कंत्राटात असावी. वीस मिनिटांचे काम आहे.

ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवहीत गावातल्या रानमोडीचा, वेडेलियाचा आणि जलपर्णीचा नकाशा दरवर्षी डिसेंबरात, रानमोडी फुललेली असताना, भरावा; तेव्हा ती दुरूनही ओळखू येते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने परकीय आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार आणि प्रसार यांवर बंधने घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आहे. रोपवाटिकांतली वेडेलियाची विक्री त्याखाली आणण्याची शिफारस राज्याने करावी. तोपर्यंत तालुका कृषी कार्यालयांनी एवढे तरी करावे: भाताच्या सल्ल्याबरोबर ऑगस्टमध्ये रानमोडीचे पत्रक काढावे, चार पानांच्या रोपाच्या छायाचित्रासह, आणि ते मोहोराच्या फवारणीच्या वेळापत्रकाआधी वाड्यांवर पोचेल असे पाहावे.

आपले,
काही काजू-आंबा बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी